वीज कंपनीला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत लागलात? पहिले तीन महिने असे काढा

गेल्या दोनेक महिन्यांत रत्नागिरी-चिपळूणकडच्या चार-पाच पोरापोरींनी मला एकच प्रश्न विचारलाय, की स्मार्ट मीटरच्या कंपनीत लागलोय, कंपनी जोरात वाढतेय, पहिल्या दिवशी काय वाचून जाऊ. प्रत्येकाला वेगळं सांगून दमलो म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी या धंद्यात सहा वर्षं काढलीत, आधी पुण्यात आणि आता रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. खाली लिहिलंय ते बहुतेक सगळं चुका करून शिकलोय.

पायरी १: 'ग्राहक' कोण ते आधी ठरवा

हसू नका, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचा होतो. आपला सेल्सवाला फोनवर म्हणतो "ग्राहक नाराज आहे", तेव्हा त्याच्या डोक्यात वीज कंपनी असते. वीज कंपनीच्या शाखेतले अभियंते म्हणतात "ग्राहक नाराज आहे", तेव्हा ते ज्यांचं बिल दुप्पट आलंय त्या काकूंबद्दल बोलत असतात. मराठीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे मीटिंगमध्ये बिनधास्त विचारायचं, कुठला ग्राहक? पैसे वीज कंपनी देते, पण शिव्या काकू देतात आणि त्या शिव्या फिरून फिरून शेवटी आपल्याच टिकेट सिस्टीममध्ये येऊन पडतात.

आता वीज कंपनीची उतरंड. जुनं वीज मंडळ २००५ च्या जूनमध्ये मोडलं आणि त्यातून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. घरातली म्हातारी माणसं अजून 'बोर्ड'च म्हणतात, तुम्ही ऑफिसात म्हणू नका. महावितरणात वरून खाली परिमंडल, मंडल, विभाग, उपविभाग, शाखा अशी रचना असते. कोकण परिमंडलात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही दोन मंडलं येतात. मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता ही पदं नीट पाठ करा. कार्यकारी अभियंत्यांना पाठवायचं पत्र थेट मुख्य अभियंत्यांकडे गेलं तर काम आठवड्याभरानं लांबतं, आणि ते का लांबलं हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

एक गोष्ट नव्या माणसाला नेहमी कोड्यात टाकते. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचं वीजगृह आहे, अख्ख्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, मग त्याच तालुक्यात पाऊस पडला की वाडीत काळोख का होतो? कारण वीज बनवणं वेगळं, मोठ्या टॉवरवरून नेणं वेगळं आणि गल्लीतल्या खांबावरून घरात सोडणं वेगळं. आपलं सॉफ्टवेअर बहुतेक करून या तिसऱ्या भागात काम करतं, आणि सगळ्यात जास्त भानगडी पण तिथेच असतात.

पायरी २: लॅपटॉप बंद करून एक दिवस लाईनवर जा

हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नसतं, तुम्हालाच मागून घ्यावं लागतं. मॅनेजरला सांगा, एखाद्या शाखेत ओळख काढा आणि एका जनमित्राबरोबर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत वायरमनबरोबर, दिवसभर फिरा. ३३/११ केव्हीचं उपकेंद्र बघा, तिथून ११ केव्हीचा फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी मुख्य लाईन, कसा निघतो, फीडरवर डीपी कुठे कुठे बसलेत, एका डीपीवर किती घरं आहेत ते बघा. कागदावर ट्रान्सफॉर्मर लिहिलेलं असतं पण फोनवर सगळे डीपीच म्हणतात, 'डीपी उडाली' म्हणजे काय ते पहिल्या फोनवर कळलं नाही तर पुढचा माणूस कंटाळून फोन ठेवतो. जंपर, डीओ फ्यूज, एबी स्विच, ट्रिपिंग, फेज जाणं हे शब्द तिथेच कानावर पडतात.

तिथे एक नियम कडक पाळा, कशालाही हात लावायचा नाही. लाईन बंद आहे असं दहा जणांनी सांगितलं तरी नाही. परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेतल्याशिवाय आणि लाईनला अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे ती जमिनीला जोडल्याशिवाय, अनुभवी माणूस खांबाला हात लावत नाही, कारण कुठल्यातरी घरातला जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर उलटा सप्लाय लाईनवर टाकू शकतो. तुम्ही फक्त बघायचं, विचारायचं आणि वहीत लिहायचं. वहीच न्या, पावसात मोबाईलचा स्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही.

आणि बोलताना जरा अदबीनं. जनमित्र वयानं मोठे असतील तर काका किंवा दादा म्हणा, ते तुम्हाला साहेब म्हणतील, मॅडम म्हणतील, त्यानं हुरळून जाऊ नका. कुठल्या घराचा मीटर आतल्या पडवीत आहे आणि कुठल्या घरचा कुत्रा सोडलेला असतो हे त्यांच्या डोक्यात असतं, आपल्या डेटाबेसमध्ये ते कधीच नसतं.

पायरी ३: शून्याला घाबरायला शिका

हा भाग जरा लांबणार आहे कारण सगळ्यात जास्त माती मी इथेच खाल्लीय.

स्मार्ट मीटर अर्ध्या तासाला एक नोंद ठेवत असेल तर दिवसाला ४८ नोंदी, पंधरा मिनिटांना ठेवत असेल तर ९६. त्या नोंदी मीटरमधून एचईएस नावाच्या, मीटरांशी बोलणाऱ्या सिस्टीममध्ये येतात, तिथून एमडीएममध्ये, म्हणजे मीटरचा डेटा सांभाळणाऱ्या सिस्टीममध्ये, जातात, तिथे तपासणी होते, गाळलेल्या जागा भरल्या जातात आणि मग बिलिंगला जातात. नवा माणूस एमडीएमचा टेबल उघडतो, त्याला ढिगानं शून्य दिसतात आणि तो म्हणतो डेटा खराब आहे. किंवा त्याहून वाईट, म्हणतो चोरी आहे.

कोकणात शून्य युनिटचे किती अर्थ होतात बघा. घर बंद आहे, माणसं मुंबईला. किंवा घरात माणसं आहेत पण लाईनच बंद आहे. लाईन चालू आहे पण मीटरचं मोडेम मेलंय आणि आपल्याच कोणीतरी कोड लिहिताना रिकाम्या जागी शून्य घातलंय (हे फार कॉमन आहे, आणि हे करणारा माणूस तोवर दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो). सोलर बसवलंय आणि दुपारी घर वीज घेत नाहीये, उलट देतंय, आणि तुम्ही फक्त घेतल्याचा रजिस्टर बघताय. मीटर जळलाय. आणि हो, कधीकधी खरंच कोणीतरी मीटरला बगल देऊन आकडा टाकलेला असतो. सहा वेगळ्या गोष्टी, टेबलमध्ये सगळ्यांचं तोंड सारखंच.

माझं काय झालं ते सांगतो. आमच्याकडे चोरीचा संशय काढणारं एक मॉडेल होतं, दुसऱ्या जिल्ह्याच्या डेटावर बनवलेलं, महिनोन्‌महिने शून्य आणि मग अचानक वापर वाढला की लाल दिवा लावायचं. मी ते कौतुकानं इथल्या एका तालुक्यावर चालवलं, दीड-दोनशे नावांची यादी निघाली, छान एक्सेल बनवली, रंग वगैरे दिले आणि ताठ मानेनं शाखेत घेऊन गेलो. तिथले एक वायरमनकाका चष्मा लावून वाड्यांची नावं वाचत गेले आणि हसायला लागले. म्हणाले, "साहेब, ह्यांच्याकडे गणपती होते."

अकरा महिने कुलूप, भाद्रपदात दहा-बारा दिवस घर भरलेलं, ट्यूबलाईट, मिक्सर, पंप, माळा, फ्रीज सगळं चालू, आणि अनंत चतुर्दशी झाली की परत कुलूप. मॉडेलनं अख्ख्या तालुक्याच्या चाकरमान्यांना चोर ठरवलं होतं. शिमग्याला तोच प्रकार, मे महिन्यात पण थोडाफार. ती यादी तशीच वर गेली असती तर कोणाच्यातरी दारात कलम १३५ ची भाषा झाली असती, वीज कायद्यातलं ते चोरीचं कलम आहे. तेव्हापासून मी कुठलंही मॉडेल चालवायच्या आधी बाजूला पंचांग ठेवतो, चेष्टा नाही करत.

म्हणून कामाची सवय अशी लावून घ्या. शून्य दिसलं की आधी विचारायचं, हे शून्य मीटरनं पाठवलंय की आपण घातलंय? मीटरशी शेवटचा संपर्क कधी झाला? त्याच डीपीवरच्या शेजारच्या मीटरांचं काय चाललंय? व्होल्टेज दिसतंय का? व्होल्टेज २३० च्या आसपास आहे, संपर्क ताजा आहे आणि करंट शून्य आहे तर बहुतेक घर बंद आहे. सगळ्या डीपीचाच आवाज बंद असेल तर लाईन गेलीय किंवा नेटवर्क गेलंय. एवढे चार प्रश्न विचारायची सवय लागली तरी तुम्ही टीममधल्या अर्ध्या लोकांच्या पुढे आहात.

पायरी ४: घड्याळ, गुणक आणि युनिट

हे पटापट सांगतो.

सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेत असतं, आपण साडेपाच तास पुढे. आपल्या रात्री बाराचं रीडिंग सर्व्हरवर आदल्या दिवशीच्या १८:३० ला दिसतं. महिन्याच्या शेवटच्या रात्री हे चुकलं तर अख्ख्या गावाचं बिल एका दिवसानं सरकतं, आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे दर बदलणाऱ्या मीटरला, ज्याला लोक टीओडी म्हणतात, तिथे तर दुपारची सवलत रात्रीला लागून बसते.

मोठ्या ग्राहकांचे मीटर, म्हणजे बर्फाचा कारखाना, मासळीचं कोल्ड स्टोरेज, काजूचं युनिट, हे सीटीवर असतात, म्हणजे मोठा करंट ठरल्या पटीत लहान करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. सीटी १००/५ चा असेल आणि मीटर पाच अँपिअरच्या बाजूचंच मोजत असेल तर रीडिंगला २० नं गुणायचं. हा गुणक मास्टर डेटात चुकला तर बिल वीस पटीनं कमी जातं आणि वर्षभरानं ऑडिटमध्ये सापडतं, मग त्या मालकाला एकदम फरकाचं बिल जातं आणि तो कोणाला शोधत येतो ते सांगायला नको.

ओबिस कोड, म्हणजे मीटरमधल्या प्रत्येक आकड्याला दिलेला ठरावीक नंबर, पाठ करत बसू नका, दोनच लक्षात ठेवा, १.०.१.८.० म्हणजे घेतलेली एकूण वीज आणि १.०.२.८.० म्हणजे उलटी दिलेली. बाकी लागेल तसं बघा. मीटर कसा असावा ते आयएस १६४४४ या भारतीय मानकात आहे आणि तो बोलतो कसा ते आयएस १५९५९ मध्ये, दोन्ही एकदा चाळून ठेवा, झोप येईल पण चाळा.

पायरी ५: सडा, खोरं, खारं वारं

पुण्यात बसलेल्या टीमला हे कितीही सांगितलं तरी पटत नाही म्हणून तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही इथलेच आहात. मीटर दोन प्रकारे बोलतात, एक तर सिमकार्ड घालून थेट मोबाईल नेटवर्कवर, नाहीतर रेडिओवर शेजारच्या मीटरला निरोप देत देत. शहरात दुसरा प्रकार मस्त चालतो, भिंतीला भिंत लागलेली असते. आपल्याकडे वाडीत दोन घरांच्या मध्ये आमराई, मग पऱ्या म्हणजे ओहोळ, मग चढण, निरोप पोचणार कसा. सिम घातलं तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चार काड्या आणि खाली खोऱ्यात एक पण नाही, त्यात मीटर जांभ्याच्या जाड भिंतीच्या आत बसवलेला. संगमेश्वर-देवरूखकडे एकाच गावात वरची वाडी शंभर टक्के आणि खालची वाडी जवळजवळ गप्प असं चित्र मी कितीदा बघितलंय.

त्यामुळे मीटर बसवायच्या आधीच्या सर्व्हेत सिग्नलचं माप मीटरच्या जागेवरच घ्यायला लावा, गाडी उभी केली तिथे नाही. जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमनं घ्या. आणि पावसाळ्यात परत एकदा घ्या.

किनाऱ्याला खाऱ्या वाऱ्यानं सगळं गंजतं, पेटीचे स्क्रू, अँटेनाचं टोक, मीटरचे टर्मिनल. मालवण-गुहागरच्या बाजूला मीटर वारंवार ऑफलाईन जातो तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये बग शोधत दोन दिवस घालवण्यापेक्षा आधी पेटीचा फोटो मागवा. माडाचं चुडत लाईनवर पडून मिनिटभर सप्लाय जाणं-येणं हे तर रोजचं, त्याच्या प्रत्येक झटक्याला अलार्म पाठवणारी सिस्टीम बनवलीत तर शाखेतले लोक तुमचे मेसेज म्यूट करून टाकतील. त्यांनी आमचे केले होते.

पायरी ६: कंपनी पळते, ऑफिस चालतं, तुम्ही मध्ये

जोरात वाढणाऱ्या कंपनीत माझे पहिल्या दीड वर्षात तीन मॅनेजर झाले. आज शिकलेलं टूल दोन महिन्यांनी बदलतं. कुठल्याही गोष्टीचं डॉक्युमेंट नसतं, असलं तर जुनं असतं, आणि 'ज्याला माहितीय' तो माणूस नोटीस पिरियडवर असतो. वैतागू नका, तीच तुमची संधी आहे. जे विचारून विचारून कळलं ते त्याच दिवशी दोन पानांत लिहून टीमच्या फोल्डरमध्ये टाका, तीन महिन्यांत लोक तुम्हाला विचारायला येतात.

पलीकडे वीज कंपनीत मात्र सगळं टिपणीवर चालतं. टिपणी फिरते, वरून मंजुरी येते, मग पत्र निघतं. त्यांना मंद म्हणून नावं ठेवायची फॅशन आपल्या ऑफिसात असते, तुम्ही तिच्यात पडू नका. सार्वजनिक पैसा आहे, उद्या ऑडिट झालं तर सही करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, आपल्याला नाही. काम कसं निघतं ते सांगतो. फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट संध्याकाळी मेल करा. पत्र दिलं तर आवक विभागात देऊन पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. पोच नसेल तर तुमचं पत्र पोचलेलंच नाही असं समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवं काही घेऊन जाऊ नका, सगळे वसुलीच्या मागे असतात. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची झाडंछाटणी आणि दुरुस्ती असते, तेव्हा पण जपून.

पगार कुठून येतो ते पण जाणून घ्या. बऱ्याच स्मार्ट मीटर कामांत कंपनीला मीटरमागे महिन्याला पैसे मिळतात, आणि ते मीटर भिंतीवर बसला म्हणून नाही तर त्याचा डेटा ठरल्या वेळेत पोचला म्हणून. म्हणजे खालच्या वाडीतले ते गप्प मीटर आपल्या खिशातनं जातात. ऑफर लेटरमध्ये शेअर दिले असतील तर ते कधी आणि कशा अटीवर तुमचे होतात ते सही करायच्या आधी वाचा, आणि फील्डला जाताना गाडीचा खर्च आणि विमा कोण देतं ते लेखी घ्या. हे विचारायला लाज वाटते, मला पण वाटली होती, आंबा घाटात स्कूटर घसरली तेव्हा गेली.

पायरी ७: दोन बटणं जपून

पहिलं बटण, लांबून सप्लाय तोडायचं. कोडमध्ये ती एक ओळ असते, घरात कोणाचा तरी ऑक्सिजनचा मशीन चालू असू शकतो. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. टेस्टिंग करताना खरे मीटर नंबर वापरू नका, आमच्याकडे एकदा टेस्टच्या यादीत खरा नंबर राहिला आणि एका दुकानाची दुपार काळोखात गेली, माफी मागायला मी स्वतः गेलो होतो.

दुसरं बटण, एक्सपोर्ट. वापराचा डेटा म्हणजे नुसते आकडे नव्हेत. आपल्याकडे त्यात कुठलं घर कधीपासून बंद आहे त्याची यादी असते, नाव-पत्त्यासकट. चुकीच्या हातात ती एक्सेल गेली तर चोराला दुसरं काय हवंय? व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्राहक क्रमांकाचा स्क्रीनशॉट टाकू नका, लॅपटॉपवर फाईल ठेवू नका, आणि 'जरा आमच्या भावकीच्या घराचं बघ ना, कोण राहतंय का' असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. मामानं म्हटलं तरी.

पायरी ८: वादळ आणि पूर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर गेलं, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. यातलं काहीतरी तुमच्या नोकरीत परत येणारच. अशा वेळी आधी मीटरांचे 'सप्लाय गेला' असे निरोप एकदम येतात, सर्व्हर धापा टाकतो, मग थोड्या वेळानं सगळं शांत होतं. ती शांतता बघून मुंबईतले साहेब विचारतात, सप्लाय आला का? नाही, मोबाईल टॉवरची बॅटरी पण संपलीय. परत तेच शून्य, फक्त तालुक्याएवढं मोठं.

त्या दिवसांत जनमित्रांना डॅशबोर्डसाठी फोन करू नका, ते कमरेएवढ्या पाण्यातून खांब शोधत असतात. आपण करायचं ते एवढंच: शेवटचा डेटा कुठल्या डीपीवरून कधी आला त्याचा साधा कागद काढून उपविभागाला द्यायचा, अलार्म आणि अंदाजे बिलिंग त्या भागापुरतं थांबवायचं, आणि पुरात बुडालेल्या मीटरांची वेगळी खूण ठेवायची, कारण पाणी उतरल्यावर त्यातले काही जिवंत होतात आणि वाट्टेल ते आकडे पाठवतात.

लोक काय विचारतात

मीटर बदलायला गेलात की दारात उभं राहून बोलावंच लागतं. कुडाळकडे एका आजींनी मला सांगितलेलं, "झिला, मीटर बदललंस तां बरा, पण बिल वाढला तर तुकाच धरतलंय हां." याच्यावर कंपनीनं छापून दिलेलं उत्तर वाचून दाखवू नका. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग त्यांच्यासमोर फोटो काढून दाखवा, नव्याचं पहिलं दाखवा, शंका असेल तर चेक मीटर लावून दोन्हींची तुलना करता येते ते सांगा, आणि तक्रार कुठे द्यायची तो नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. जुना मीटर म्हातारा होऊन हळू चालत असेल तर बिल थोडं वाढू शकतं हे पण लपवू नका. चहा देतील, घ्या. नाही घेतलात तर राग येतो.

राहिली गोष्ट रजेची. गणपतीत अख्ख्या टीमला रजा हवी असते आणि नेमका त्याच दिवसांत कोकणातला लोड वर जातो, सगळी कुलपं एकदम उघडतात, लाईन गेली तर फोन पण तेव्हाच येतात. आमच्याकडे त्या दिवसांची ड्युटीची यादी जूनमध्येच लागते, ज्यांच्या घरी दीड दिवसाचा असतो ते आधी सुट्टी घेतात, गौरी-गणपतीवाले नंतर, आणि ज्यांच्या घरी गणपती बसत नाही त्यांचा भाव त्या आठवड्यात काय असतो विचारू नका. नवीन आहात म्हणून गप्प बसाल तर पाचही दिवस तुमच्या नावावर येतील, तेव्हा जॉईन झालात की पहिल्याच आठवड्यात एचआरला तारखा मेल करा. आणि पोच घ्या.